झाकली मूठ

संध्याकाळी साडेसातला रिलीज झालं. विमा कंपनीच्या ग्राहकांना हप्त्याची आठवण करून देणारे एसएमएस पाठवणारा तो प्रोग्रॅम होता. आम्ही अकरा जण पुण्यातल्या ऑफिसात स्क्रीनवरच्या हिरव्या खुणा बघून हुश्श करत होतो. पावणेआठच्या सुमारास आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाला लॉगमध्ये एकच पॉलिसी नंबर दोनदा दिसला. मग दुसरा नंबर दोनदा. मग तिसरा. मुलगा परभणीचा, नोकरीला लागून आठ महिने झालेले. त्यानं लॉग वर-खाली केला, आपलंच वाचताना चुकत नाही ना ते पाहिलं, स्वतः लिहिलेला भाग उघडून पुन्हा तपासला, पाणी पिऊन आला. माझी खुर्ची त्याच्यापासून दहा पावलांवर होती. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला तेव्हा आठ पंचवीस झाले होते. तोवर हजारो लोकांना तोच मेसेज दोन-दोनदा गेला होता आणि ग्राहक कंपनीचा फोन माझ्या कानाला होता.

चुकीची ओळ दुरुस्त करायला सहा मिनिटं लागली. ती चूक त्या मुलाची नव्हतीच, दुसऱ्याच भागातली होती.

सगळं निस्तरल्यावर मी त्याला विचारलं, "अरे, चाळीस मिनिटं गप्प का बसलास?"

"मॅम, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि तुम्ही कामात होतात."

तिसरं कारण त्यानं सांगितलं नाही. ते मला घरी पोचल्यावर आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी सकाळच्या स्टँडअप बैठकीत मी दुसऱ्या एका मुलाला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एवढी साधी गोष्ट कळत नाही का?" मी ते संध्याकाळपर्यंत विसरून गेले होते. ऐकणारे दहा जण विसरले नव्हते.

सॉफ्टवेअरमध्ये चूक होणं अटळ आहे. लाखो ओळींच्या कोडमध्ये ती कुठंतरी बसलेलीच असते. नुकसान किती होणार, हे चूक दिसल्यापासून ती योग्य माणसाच्या कानावर जाईपर्यंत किती वेळ गेला यावर बरंचसं ठरतं. सर्व्हरचा वेग आम्ही मिलिसेकंदात मोजतो. पण एका माणसाच्या मनातून दुसऱ्याच्या कानापर्यंत बातमी पोचायला लागणारी चाळीस मिनिटं कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाहीत. संघातली भीती ही माझ्या लेखी स्वभावाची किंवा संस्काराची बाब उरलेली नाही. ती यंत्रणेतला दोष आहे आणि इतर दोषांसारखीच शोधून दुरुस्त करावी लागते.

या विषयाला अभ्यासात 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. प्रश्न विचारला, चूक कबूल केली, वरिष्ठांशी असहमती दाखवली तरी आपला पाणउतारा होणार नाही, असा संघातल्या सगळ्यांचा मिळून असलेला विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्यामुळे ही कल्पना सर्वदूर पोचली, आणि त्यांच्या हाती ती लागली ती एका उलट्या आलेल्या निकालातून. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांमधल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगलं एकोप्यानं काम करणाऱ्या परिचारिकांच्या चमूंमध्ये चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त होत्या. चांगली माणसं जास्त चुका करतात, हे काही पटेना. मग उलगडा झाला: ती माणसं चुका जास्त करत नव्हती, जास्त सांगत होती. बाकीच्या विभागांत चुका होत होत्या आणि मुठीत झाकल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ साली छापून आला. १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ संघांवरचा पुढचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि जिथं बोलायची भीती कमी तिथं संघ शिकतो जास्त, हे दाखवून दिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरातली अडचण चारचौघांत उघडी करू नये, हा त्यातला शहाणपणा खरा आहे आणि त्यानं कित्येक घरांची अब्रू राखली आहे. पण हीच सवय घेऊन आपण ऑफिसात येतो, आणि तिथं मूठ जितका वेळ झाकलेली राहील तितकं आतलं नासत जातं.

मूठ उघडली की काय होतं, ते बघायला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीसारखं उदाहरण नाही.

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचं कोड सांभाळणारी कंपनी. तिचे कर्मचारी वेगवेगळ्या देशांत आपापल्या घरून काम करतात. त्या संध्याकाळी त्यांच्या डेटाबेसवर अचानक ताण वाढला. मुख्य डेटाबेसची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडत गेला आणि शेवटी त्याची साखळीच तुटली. युरोपात रात्र झाली होती. एक इंजिनिअर काम आटोपून उठायच्या बेतात होता, पण हे निस्तरायला थांबला. नक्कल नव्यानं सुरू करायची आज्ञा तो पुन्हा पुन्हा देत होता आणि प्रत्येक वेळी ती काही न बोलता नुसती थांबून राहत होती. ती आज्ञा सुरुवातीला अशी गप्प बसते, हे संघातल्या दुसऱ्या एकाला माहीत होतं. पण तो त्या वेळी हजर नव्हता आणि ही गोष्ट कुठं लिहून ठेवलेली नव्हती. इंजिनिअरला वाटलं, दुसऱ्या सर्व्हरवरचं जुनं फोल्डर आड येत असेल. ते पुसून टाकायची आज्ञा त्यानं दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की ज्या खिडकीत आज्ञा दिली ती दुसऱ्या सर्व्हरची नव्हती. ती मुख्य डेटाबेसची होती. त्यानं लगेच आज्ञा थांबवली. सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली होती.

रात्री एकट्यानं टर्मिनलसमोर बसून ज्यानं कधी चुकीच्या सर्व्हरवर एंटर दाबलंय, त्याला त्या सेकंदाची कल्पना सांगावी लागत नाही. पोटात खड्डा पडतो आणि बोटं गार पडतात. पहिला विचार येतो, कुणाला कळायच्या आत हे परत जागेवर आणता येईल का?

त्या इंजिनिअरनं तो विचार बाजूला सारला आणि सहकाऱ्यांना तिथल्या तिथं सांगितलं. मग सगळे मिळून बॅकअप शोधायला लागले आणि एकेक पायरी ढासळत गेली. रोजचा बॅकअप जिथं साठवला जायचा ती जागा रिकामी होती, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचा होता आणि मुकाट अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. डिस्कच्या छबी घेणारी सोय डेटाबेस सर्व्हरसाठी कधी सुरूच केलेली नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती सहा तासांपूर्वीची एक प्रत. दुपारी वेगळ्याच चाचणीसाठी कुणीतरी ती हातानं घेतली होती. ती घेणारा तोच इंजिनिअर होता.

ही प्रत संथ डिस्कवरून परत आणायला सुमारे अठरा तास लागले. या सगळ्या वेळात गिटलॅबनं आपली टिपणवही जगासाठी खुली ठेवली आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी सुमारे ५००० लोक ते बघत होते. लोकांनी लिहिलेलं कोड सुरक्षित होतं, पण सहा तासांतल्या नोंदी गेल्या: सुमारे ५००० प्रकल्प, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती. नुकसान खरं होतं. कंपनीनं ते नाकारलं नाही आणि माफीही मागितली.

दहा दिवसांनी आलेल्या त्यांच्या अहवालात ज्याच्या हातून हे घडलं त्याचा उल्लेख फक्त 'टीम-मेंबर-१' असा आहे. त्याला काढून टाकलं गेलं नाही. अहवाल एकामागून एक 'का?' विचारत खोल उतरतो. डेटा का गेला? बॅकअप का नव्हता? बॅकअप चालतो की नाही हे नियमितपणे का तपासलं नव्हतं? कारण ते तपासणं हे कुणाचंच ठरवून दिलेलं काम नव्हतं. प्रश्नांची माळ 'कुणी केलं' या जागी थांबली असती, तर बॅकअप रिकामाच राहिला असता आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा तरी हात घसरला असता. सुधारणांच्या यादीत एक अगदी साधी गोष्टही होती: कुठल्या सर्व्हरवर आहोत हे पटकन कळावं म्हणून टर्मिनलच्या सूचक ओळी वेगळ्या करायच्या. लाखमोलाची दुरुस्ती कधी कधी एवढीच असते. ती सुचते तीही चुकलेल्या माणसालाच, कारण त्या अंधाऱ्या खोलीत तोच उभा होता. त्याला हाकलून दिलं की त्या खोलीचा नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

दोषारोपाशिवाय चूक तपासायच्या या रीतीला सॉफ्टवेअरच्या जगात रुजवण्यात जॉन ऑलस्पॉ यांचा मोठा वाटा आहे. एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेत काम करताना २०१२ साली त्यांनी याबद्दल लिहिलं. माणसानं जे केलं ते त्या क्षणी त्याला बरोबर का वाटलं, हा त्यांचा मूळ प्रश्न. विमान अपघातांच्या आणि रुग्णालयातल्या चुकांच्या अभ्यासातून त्यांनी तो उचलला होता. एट्सीमध्ये दरवर्षी एका कर्मचाऱ्याला तीन बाह्यांचा खराखुरा स्वेटर बक्षीस मिळायचा. ज्याच्या चुकीमुळे साइट अनपेक्षितपणे बंद पडली आणि सगळ्यांना त्यातून काही शिकायला मिळालं, त्याला तो मान. मला तो स्वेटर फार आवडतो. चूक अंगावर घालून सगळ्यांसमोर हिंडता येतं, हे नव्या मुलाला कुठल्याही धोरणपत्रापेक्षा लवकर कळतं.

इथं दर वेळी एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: मग काय कुणाला जाबच विचारायचा नाही? हलगर्जीपणा पोटात घालायचा? तसं मुळीच नाही. एडमंडसनही हे पुन्हा पुन्हा बजावतात की मानसिक सुरक्षितता म्हणजे गोडगोड वागणं नव्हे आणि कामाची पातळी खाली आणणं तर नव्हेच. ज्या संघात सगळे एकमेकांना सांभाळून घेतात आणि वाईट डिझाइनला कुणी वाईट म्हणत नाही, तो संघ सुरक्षित नाही, मिंधा आहे. जाणूनबुजून नियम मोडणारा, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारा, चूक लपवून इतरांना गोत्यात आणणारा, अशांना जाब विचारलाच पाहिजे. पण दमलेल्या माणसाचा चुकीच्या खिडकीत गेलेला हात हा त्यातला प्रकार नाही. हा फरक ज्याला करता येत नाही त्यानं टीम लीड होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गूगलनं २०१२ मध्ये स्वतःच्या १८० संघांचा अभ्यास सुरू केला तेव्हा उत्तम संघ कशानं बनतो, हा प्रश्न होता. हुशारी, अनुभव, मैत्री, स्वभावांचं मिश्रण, सगळं तपासून झालं. संघात कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त वजन निघालं, आणि मिळालेल्या पाच गोष्टींत मानसिक सुरक्षितता पहिली होती. त्याआधी, २०१० मध्ये, अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ लोकांना छोट्या गटांत बसवून कोडी सोडवायला दिली होती. गटातल्या सगळ्यात हुशार माणसाच्या बुद्धीवरून गटाचं यश फारसं सांगता येईना. जिथं बोलायची संधी सगळ्यांना सारखी मिळत होती आणि जिथं माणसांना दुसऱ्याच्या डोळ्यांवरून त्याच्या मनातलं ओळखता येत होतं, ते गट सरस ठरले. २०१४ च्या पुढच्या प्रयोगात नुसतं टाइप करून बोलणाऱ्या, एकमेकांचे चेहरेही न दिसणाऱ्या गटांतही दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याचा हाच गुण उपयोगी पडला. कॅमेरा बंद ठेवून दिवसभर मीटिंगमध्ये बसणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून बरंच घेण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं फक्त डोळ्यांनी होत नाही, शब्दांमधूनही होतं.

हे शब्द सगळ्यात जास्त खर्च होतात कोड रिव्ह्यूमध्ये. एकानं लिहिलेलं कोड दुसरा तपासतो आणि बाजूला शेरा लिहितो. "हे असं का केलंय?" ही चार शब्दांची ओळ लिहिणाऱ्याला साधा प्रश्न वाटते. वाचणाऱ्याला रात्री साडेअकराला मोबाइलवर ती भुवई उंचावून विचारल्यासारखी ऐकू येते. आता तीच शंका अशी लिहून बघा: "यादी रिकामी आली तर इथं काय होईल? मला वाचताना पटकन कळलं नाही." दोष तोच दाखवला. पण आता बोट कोडकडे आहे आणि तपासणाऱ्यानं आपलं न कळणंही समोर ठेवलंय. पहिल्या शेऱ्याला लोक सफाई देतात. दुसऱ्याला चाचणी लिहून उत्तर देतात. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ सालीच प्रोग्रॅमरच्या मानसशास्त्रावरच्या पुस्तकात सांगितलं होतं की आपला अहंकार आपल्या कोडपासून सोडवा. पण ही अर्धीच बाजू. लिहिणाऱ्यानं अहंकार सोडायचा तर तपासणाऱ्यानंही हातातली छडी खाली ठेवायला हवी.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स त्या छडीसाठी जगभर ओळखले जायचे. वाईट कोड पाठवणाऱ्याला ते जाहीरपणे, अर्वाच्य शब्दांत फटकारायचे आणि उत्तम कोडसाठी हे चालायचंच, असं मानणारे बरेच होते. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी सगळ्यांना एक पत्र लिहिलं. आपण आयुष्यभर लोकांच्या भावना समजून घेण्यात कमी पडलो, आपल्या बोलण्यानं माणसं दुखावली आणि काही तर हे काम सोडून गेली असतील, हे त्यांनी मान्य केलं, माफी मागितली आणि मदत घेण्यासाठी काही आठवडे रजा काढली. ऑक्टोबरमध्ये ते परतले. लिनक्स आजही तितकंच काटेकोर आहे.

आता आपल्याकडचं. परदेशातल्या ग्राहकाबरोबर कॉल चालू आहे. तिकडून विचारणा होते, शुक्रवारपर्यंत होईल का? इकडे म्यूटचं बटण दाबलं जातं. "शक्यच नाही." "टेस्टिंगलाच चार दिवस लागतील." "त्यांना सांगा ना कुणीतरी." मग म्यूट निघतं आणि आमच्यातला सगळ्यात वरचा माणूस म्हणतो, "येस, वुई विल ट्राय." मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि मीही असं म्हटलंय. खरी माहिती त्या म्यूटच्या बारा सेकंदांत होती आणि ती खोलीबाहेर गेलीच नाही. पुढचे दोन आठवडे मुलं रात्री बारापर्यंत बसली. त्या बारा सेकंदांची किंमत त्यांनी भरली.

याची मुळं आपल्या शाळेत आहेत, घरात आहेत, पगाराच्या रचनेतही आहेत. शाळेत उत्तर चुकलं की हसू व्हायचं. ऑफिसात पाट्यांवर पहिली नावं आहेत, तरी तोंडातून 'सर' आणि 'मॅम'च निघतं. त्यात अप्रेजलला ठराविक टक्के लोक खालच्या श्रेणीत टाकायचेच, हा नियम असला की शेजारच्याची चूक ही आपली बढती ठरते. अशा ठिकाणी मोकळं बोला असं भिंतीवर लिहिणं म्हणजे माणसाला फसवणं आहे. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची उतरंड नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी ती चालू आहे, आणि घराचा हप्ता भरणारा माणूस ते बघून आपलं तोंड किती उघडायचं ते ठरवतो. त्याला भित्रा म्हणायचा मला हक्क नाही.

आणि भाषा. याबद्दल फार कमी बोललं जातं. नांदेड, जळगाव, सोलापूरहून आलेली मुलं कोडमध्ये कुणाला हार जाणार नाहीत, पण मीटिंगमध्ये शंका मांडायला त्यांना आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एकदा आमच्या रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाचा मागोवा घेणाऱ्या बैठकीत, मी म्हटलं, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला. परभणीचा तोच मुलगा सलग सात मिनिटं बोलला. मेसेज दोनदा का गेले याचं इतकं नेमकं विश्लेषण आमच्या आर्किटेक्टनंही केलं नव्हतं. संघात एक तमिळ सहकारी होती. तिच्यासाठी शेजारचा हळू आवाजात इंग्रजीत सांगत राहिला. थोडा वेळ जास्त लागला. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर सोपा तोडगा नाही. मराठीचा आग्रह धरला की तीच भीती दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसते.

मेसेज दोनदा गेले त्यानंतरच्या सोमवारी स्टँडअपमध्ये मी आधी माझं सांगितलं: दोन आठवड्यांपूर्वी मी काय बोलले होते, कुणाला, आणि त्याचा या चाळीस मिनिटांशी काय संबंध आहे. ते सांगताना माझा आवाज कापत होता. ज्याला बोलले होते त्याची माफी मागितली. मग घटनेचा अहवाल लिहिला, कुणाचंही नाव न घालता. लिहिताना लक्षात आलं की मेसेजचं काम थांबवायची सोय त्या मुलाच्या लॉगिनला होती. त्याला ती कुणी दाखवलीच नव्हती, आणि दाखवली असती तरी परवानगीशिवाय दाबायचं धाडस त्यानं केलं नसतं. टोयोटाच्या कारखान्यात कुणाही कामगाराला दोष दिसला तर एक दोरी ओढून इशारा देता येतो आणि गरज पडली तर सगळी रांग थांबते. आम्ही तसंच ठरवलं. शंका आली की थांबवायचं, विचारायचं नंतर. उगाच थांबवलं म्हणून कुणाला काही बोलायचं नाही, आणि ही जबाबदारी माझी.

पहिल्या महिन्यात कुणीच थांबवलं नाही. दुसऱ्या महिन्यात टेस्टर मुलीनं एकदा थांबवलं आणि काहीच निघालं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिला थँक्स म्हटलं आणि काम पुन्हा सुरू केलं. मला वाटतं, काही बदललं असेल तर ते त्या दिवशी बदललं.

त्यानंतरच्या मोठ्या रिलीजची बैठक गुरुवारी होती. आर्किटेक्टनं पाऊण तास आराखडा समजावला. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी वही मिटायला लागले, तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"मॅम, हे मागे घ्यायची वेळ आली, तर रोलबॅकची स्क्रिप्ट आहे का?"

आर्किटेक्टनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे.

"नाही रे," तो म्हणाला. "लिहायची राहिली."

आम्ही रिलीज मंगळवारवर ढकललं.